पंपघर कोणत्या हाताला

ता. १२ जून

ति. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही पुन्हा बिऱ्हाड हलवलं. पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तुझ्या वहीतलं आमचं पान आता भरत आलं असेल, तेव्हा नवं काढ. ह्यांच्या पुलाचं काम दोन वर्षं चालणार, म्हणजे तेवढे दिवस तरी सामान खोक्यांबाहेर राहील. घर पहिल्या मजल्यावर, तीन खोल्यांचं आहे. बरोबर खाली कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान असल्यामुळे आमची जमीन सकाळी नऊपासून कोमट असते, आणि धाकटी ढबू त्या जमिनीवरून उठायलाच तयार नसते. साडेसहा वर्षांची झाली तरी गाल अजून तसेच आहेत.

आता मुद्द्यावर येते. यंदा मी मुलींना शाळेत घातलेलं नाही. तीन वर्षांत चार शाळा झाल्या. थोरली, जिचं नाव तू मास्तरीण ठेवलंस, ती घरात सगळ्यांच्या चुका काढते आणि वर्गात मात्र हात वर करायची बंद झाली आहे. मागच्या शाळेतल्या बाईंनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं की तुमची मुलगी अगदी शांत आहे, काही त्रास नाही. त्या कौतुकाने सांगत होत्या आणि मला रडू येत होतं. घरी येऊन मी जाहीर केलं की यंदा दोघींना मीच शिकवणार.

ह्यांचं मत बोर्डिंगचं आहे. पूल हलले तरी शाळा हलणार नाही, मैत्रिणी टिकतील, असं ते म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणू शकत नाही. बरीच वादावादी होऊन मला एका वर्षाची मुदत मिळाली. अट अशी की मार्चमध्ये परीक्षा, आणि तीही भूगोलाची. ज्या बाईला बाजारातून घरी यायला तीन वळणं जास्त लागतात तिने भूगोल शिकवून दाखवला तर बाकी सगळं शिकवेलच, असं ते मुलींसमोर म्हणाले. परीक्षक तू. तुझ्याकडून खोटं प्रशस्तिपत्र मिळणार नाही ह्याची त्यांना खात्री आहे, आणि तुझा निकाल आपण मान्य करू असं त्यांनी कबूल केलं आहे. तू पास केलंस तर दोघी घरी. नापास केलंस तर मास्तरीण येत्या जूनमध्ये बोर्डिंगात, आणि यथावकाश ढबू तिच्या मागून.

मला ती जायला नको आहे. तिला विचारलं तर म्हणते, पाठवलंत तर जाईन. हे इतक्या सहज म्हणाली की मला त्याचीच भीती वाटते. तेव्हा परीक्षक तर हो, पण आधी मला शिकव, कारण मला काय येतं हे तुला ठाऊक आहेच.

लोभ आहेच. तो वाढला नाही तरी चालेल, पण ह्या वर्षी आटू देऊ नकोस.

तुझी,
ठकी

•

ता. २१ जून

चि. ठकीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. घर आणि शाळा ह्या दोन वेगळ्या इमारती असाव्यात असं माझं मत आहे आणि तुझ्या चार पानांनी ते बदललेलं नाही. आईच बाई झाली की मुलींना शाळेवर रुसून यायला जागा उरत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मार्चमध्ये माझ्या नावाने बोटं मोडायची सोय राहणार नाही. परीक्षक व्हायला मी तयार आहे. आधी शिकवणी आणि मग परीक्षा, दोन्ही एकाच बाईकडे, हे नियमात बसत नाही, पण जावईबापूंनी नियम केले तेव्हा त्यांना हे सुचलं नाही, त्याला आपण काय करणार.

तुझ्या भूगोलाबद्दल मी काय बोलावं. सातवीत तू अख्खा समुद्र हिरवा रंगवलास आणि वर दादाला पटवलंस की तो तिथे उथळ आहे. दादाला पटलं, ही आणखी वेगळीच गोष्ट.

आता नीट वाच. नकाशा कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागले, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या रेघा पारदर्शक कापडावर गिरवायच्या, आणि छत्तीस वर्षांनी मुख्य आरेखक म्हणून बाहेर पडले. आमच्याकडे हुशार पोरं यायची. जगातल्या राजधान्या तोंडपाठ, आणि दुपारी जेवून परत येताना मजला चुकायची. म्हणून पुस्तक वर्षभर कपाटात ठेव. सुरुवात स्वतःच्या दारापासून करायची. हे पाटीवर लिहून ठेव, नेहमी स्वतःच्या दारापासून. दारातून निघायचं, पावलं मोजायची, परत येऊन कागदावर घालायची. जे पायाखाली आलं नाही ते कागदावर येता कामा नये. आणि कागद पसरायचा तो जमिनीवर, उत्तरेला उत्तर करून.

मुलींना रबर वापरू देऊ नकोस. चुकलेली रेघ दिसली पाहिजे.

माझी प्रकृती उत्तम आहे, विचारायचं तू विसरली आहेस. माझ्या कडकपणावर तुमचा जीव असू द्या.

तुझी,
आत्या

•

ता. ९ ऑगस्ट

ति. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

प्रकृती उत्तम असल्याचं वाचून आनंद झाला. आता माझी फजिती ऐक.

तुझं पत्र यायच्या आधीच मी उत्साहाच्या भरात जगाचा मोठा नकाशा आणून खिळा ठोकून टांगला होता. खिळा ठोकला तो दक्षिणेच्या भिंतीत, कारण तिथे आधीच भोक होतं. मुली रोज दक्षिणेकडे तोंड करून उत्तर शिकत होत्या. एक दिवस ढबूला विचारलं की उत्तर कुठे, तर तिने छताकडे बोट दाखवलं. पूर्व विचारली तर जिथे संध्याकाळी सूर्य बुडतो ती खिडकी दाखवली. नकाशात पूर्व उजवीकडे आहे आणि ती खिडकी उजवीकडे आहे, त्यात तिचं काय चुकलं. मी कपाळाला हात लावला आणि नकाशा उतरवून जमिनीवर पसरला. आता आम्ही युरोपावर बसून अभ्यास करतो आणि ढबूला पॅसिफिक महासागर दिला आहे, तिला जागा लागते.

पावलं मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी भांडण जुंपलं. आमच्या दारापासून कुलूपवाल्याच्या दुकानापर्यंत मास्तरिणीची चौऱ्याऐंशी पावलं भरली आणि ढबूची एकशे एकवीस. दोघी एकमेकींना खोटारडी म्हणाल्या, दोघींनी परत मोजलं, आकडे तेच. मग मास्तरीण स्वतःहून टेप घेऊन आली आणि तिने ढबूला टेपच्या कडेने चालायला लावलं. ढबूचं पाऊल अडतीस सेंटिमीटर, तिचं पंचावन्न. गुणाकार केला तर दोघींचं अंतर शेहेचाळीस मीटरच आलं. त्या वेळी त्यांची तोंडं बघायला तू इथे हवी होतीस. मी एक शब्द बोलले नव्हते, आणि हे शिकवणं मी शिकवलं नाही तरी माझ्या खात्यावर धरावं अशी माझी विनंती आहे.

आता रस्ता सांगते, म्हणजे सोबतचा कागद कळेल. आमच्या जिन्याच्या बावीस पायऱ्या. खाली इस्त्रीवाला, मग कुलूपवाला, मग काचा लावलेली लांब भिंत, आणि मग पंपघर. त्याला हिरवं दार आहे आणि आतून दिवसभर गुरगुर ऐकू येते. ते पंपघर बेचक्यात आहे, तिथे आमचा रस्ता आणि पलीकडची टायरवाल्याची गल्ली एकत्र येतात आणि तिथून पुढे एकच रस्ता सरळ स्टेशनला जातो. मुली सध्या पंपघरापर्यंत पोचल्या आहेत.

मास्तरिणीने काल कुलूपवाल्याला विचारलं की तुमचं दुकान नकाशावर किती रुंद दाखवू. परक्या माणसाशी ती आपण होऊन बोलली. मी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि काही झालंच नाही असं दाखवलं. आणि मी आता बाजारातून सरळ घरी येते, हे मात्र ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

तुझ्या लोभाची सवय लागली आहे, ती मोडू नये.

तुझी,
ठकी

•

ता. २२ ऑक्टोबर

चि. ठकीस,
अ. उ. आ.

दोन्ही कागद पाहिले, ऑगस्टमधला आणि परवा आलेला. दुसरा पहिल्यापेक्षा बरा आहे, म्हणजे फार बरा आहे असं नाही. भिंतीची रेघ आणि रस्त्याची रेघ सारख्याच जाडीची आहे, तेव्हा नक्की कुठून चालायचं ते वाचणाऱ्याने ओळखायचं का? प्रमाण लिहिलेलं नाही. पंपघराच्या खिडकीत एक मांजर काढलं आहे. मांजर ही कायमची खूण नव्हे, ते उद्या दुसऱ्या खिडकीत बसेल. ढबूला हे समजावून सांग, पण मांजर चांगलं आलं आहे हेही सांग.

परीक्षा कशी घ्यायची ते मी ठरवलं आहे. प्रश्नपत्रिका काढणार नाही. राजधान्या आणि नद्या विचारल्या तर जावईबापू म्हणतील घोकंपट्टी करून घेतली, आणि त्यांचं बरोबर असेल. तुमच्या गावात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, ते आता उपयोगी पडेल. नऊ मार्चला सकाळच्या गाडीने नऊ वीसला मी तुमच्या स्टेशनवर उतरेन. मुलींनी काढलेला नकाशा फेब्रुवारीअखेर माझ्या हातात पडला पाहिजे. तो घेऊन मी एकटी चालत येईन. स्टेशनवर कोणी यायचं नाही. मी वाटेत कोणाला काही विचारणार नाही. पोचले तर पास. नाही पोचले तर जावईबापूंना बोर्डिंगचा फॉर्म भरायला पेन मी देईन.

ही अट कडक आहे असं तू म्हणशील. आहेच. नकाशा हा वाट माहीत नसलेल्या माणसासाठी असतो.

थंडीची चाहूल लागली आहे, गुडघे ठीक आहेत. आठवण काढत जा, कारणाशिवायही.

तुझी,
आत्या

•

ता. १५ नोव्हेंबर

ति. स्व. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

मी मास्तरीण लिहिते आहे. मला काही माहिती हवी आहे, ती परीक्षेत चालते का ते आधी कळव, आणि चालत असेल तरच पुढचं वाच.

तुझं पाऊल किती सेंटिमीटर आहे? टेपने मोजताना वीस पावलं चालून वीसने भाग, एकच पाऊल मोजलं तर चूक येते. तू किती वेळाने थांबतेस? जिना चढताना कठडा कोणत्या हाताला लागतो? पिशवी जड असेल का? तुला ऐकू नीट येतं का, कारण पंपघर दिसायच्या आधी ऐकू येतं.

ढबूची मदत होते पण ती मधेच प्रश्न विचारते आणि माझी मोजणी चुकते. काल तिने विचारलं की नकाशात आपण कुठे आहोत. मी म्हटलं आपण नकाशात नसतो, आपण तो काढतो. ती म्हणाली मग तो बघणारा कुठे असतो. मला पुन्हा एकपासून मोजावं लागलं.

बोर्डिंगची मला भीती वाटत नाही. तिथे एका खोलीत आठ मुली असतात असं बाबा म्हणाले. मी कुठल्या बाजूची खाट मागायची ते ठरवलं आहे. पण आईला हे सांगू नकोस, ती मग जेवत नाही.

उत्तराची वाट पाहते. आशीर्वाद असू दे, पण गुण वाढवून देऊ नकोस.

तुझी,
मास्तरीण

•

ता. २४ नोव्हेंबर

चि. मास्तरिणीस,
अ. उ. आ.

माहिती विचारणं परीक्षेत चालतं. आमच्या कचेरीत न विचारणाऱ्यांचाच त्रास व्हायचा. वीस पावलं चालून वीसने भागलं. साठ सेंटिमीटर. तरुणपणी पंच्याहत्तर होतं, पण ते तुला उपयोगी नाही. दर दोनशे पावलांना मी थांबते आणि दुकानाच्या पाट्या वाचत असल्याचं सोंग करते. कठडा डाव्या हाताला. पिशवी हलकी. कान शाबूत आहेत, हवं तर तुझ्या आईला विचार, ती लहानपणी मागच्या खोलीत माझी नक्कल करायची ती मला पुढच्या खोलीत ऐकू यायची.

खाटेचं मी कोणाला बोलणार नाही. तू मात्र आत्तापासून खाट धरून बसू नकोस, आधी नकाशा काढ.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्याआजी

•

ता. २७ फेब्रुवारी

ति. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत नकाशा. पुठ्ठ्याच्या नळीत घातला आहे, उलगडताना कडेचा चिकटपट्टीचा भाग जपून काढ.

तीन वेळा मोजला. एकदा मास्तरिणीने, एकदा ढबूने, आणि एकदा माझ्याकडून मोजून घेतला, म्हणजे मोठ्या माणसाच्या पावलाने ताळा होतो. शेवटचे सगळे आकडे तुझ्या साठ सेंटिमीटरात बसवले आहेत. समासात रस्त्याचं वर्णन मास्तरिणीने लिहिलं आहे. तिचं अक्षर बघ, मला तरी डोळे भरून बघावंसं वाटतं. वर्षभरापूर्वी ह्याच मुलीने वहीवर स्वतःचं नाव इतकं बारीक लिहिलं होतं की ते वाचता येत नव्हतं.

बोर्डिंगचा फॉर्म आला आहे आणि जेवणाच्या टेबलावर पेपरवेटखाली आहे. एकतीस मार्च ही शेवटची तारीख. ह्यांनी तो लपवूनही ठेवला नाही आणि पुढेही केला नाही. ते न्यायाने वागतात, त्यामुळे त्यांच्यावर धड चिडताही येत नाही. मला मात्र आतून खात्री आहे, आत्या. जूनमध्ये जी ठकी तुला लिहीत होती तिला भीती वाटत होती. आता वाटत नाही. मुलींना येतं.

एकच गोष्ट. काल शाई भरून झाल्यावर दोघींत काहीतरी कुजबुज झाली आणि ढबू रुसून जिन्यात जाऊन बसली. विचारलं तर दोघी मूग गिळून गप्प. शेवटच्या दिवशीचा शीण असेल असं समजून मी विषय सोडला.

नऊ तारखेला सकाळी आम्ही चौघं घरात बसून राहू. तसं बसणं किती अवघड जाणार ते तूच समजून घे, आणि आमच्यावर लोभ ठेवून पावलं मोजत ये.

तुझी,
ठकी

•

ता. १२ मार्च

श्री. जावईबापूंस,
स. न. वि. वि.

निकाल लेखी देईन असं सांगून मी तुमच्याकडे दोन दिवस पाहुणचार झोडला आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. ठकी माझ्या मागेमागे स्वयंपाकघरापासून जिन्यापर्यंत फिरत होती. आता सविस्तर ऐका.

नकाशा नापास आहे. नऊ वीसची गाडी नऊ चोवीसला आली. स्टेशनच्या दारापासून मी निघाले आणि पावलं तंतोतंत जुळत गेली. पंपघर आधी ऐकू आलं, मग दिसलं, हिरवं दार, सगळं लिहिल्याबरहुकूम. तिथे रस्ता फुटतो. समासात सुरेख अक्षरात लिहिलं होतं की पंपघर उजव्या हाताला ठेवावे. मी ठेवलं. दोनशे दहा पावलांनी माझ्यासमोर तुमचा जिना नव्हता, टायरांचा ढीग होता, आणि पुढे रस्ताच नव्हता. टायरवाल्याने काय हवं ते विचारलं. कोणाला काही विचारायचं नाही अशी माझीच अट, त्यामुळे मी त्याला काही नको असं सांगितलं आणि त्याने दिलेल्या स्टुलावर बसले. त्याने मला पाणी दिलं आणि मोटार कुठे बंद पडली म्हणून चौकशी केली.

चूक अशी. मुलींनी वर्णन लिहिलं ते आपल्या दारातून स्टेशनकडे जाताना. जाताना पंपघर उजव्या हाताला येतं. येणाऱ्याच्या ते डाव्या हाताला पडतं, आणि येणारी होते मी. स्वतःच्या दारापासून सुरुवात करा असं त्यांना कोणी शिकवलं, तर मी. बरं, रेघ बरोबर होती, नुसती रेघ पाहिली असती तर मी चुकले नसते. समासातल्या अक्षरावर जाऊ नका, रेघेवर विश्वास ठेवा, असं छत्तीस वर्षं हाताखालच्या लोकांना बजावलं आणि ऐन वेळी दहा वर्षांच्या मुलीच्या वळणदार अक्षराने मला शेंडी लावली.

पण पुढचं महत्त्वाचं आहे. दहा वाजून बारा मिनिटांनी तुमच्या मुली त्या दुकानात हजर झाल्या. त्या मला शोधत नव्हत्या, हाका मारत नव्हत्या, सरळ स्टुलापाशी आल्या. तुम्ही दोघं स्टेशनकडे पळायला निघाला होतात असं ठकी सांगते, आणि मास्तरिणीने तुम्हाला थांबवलं. तिने नकाशाची प्रत जमिनीवर पसरली, स्टेशनपासून बोट चालवलं, समास वाचला, आणि बोट जिथे थांबलं तिथे आजी आहे असं सांगितलं. नकाशाच्या चुकीवरून चुकलेलं माणूस शोधणारी व्यक्ती मला सबंध नोकरीत भेटली नव्हती.

म्हणून नकाशा नापास, मुली पास. घर आणि शाळा ह्याबद्दल माझं जे मत होतं ते मी मागे घेते. तसं करताना मला त्रास होतो आहे, तो तुम्ही मनावर घेऊ नये. फॉर्म परत करावा.

तुमच्या शब्दाच्या पक्केपणावर माझा लोभ आहे, त्याला धरून राहावं.

आपली,
आत्या

•

ता. १५ मार्च

ति. स्व. आत्याआजीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी आईला न सांगता लिहिते आहे. तुझं पत्र काल आलं. बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि मला शाबासकी दिली. आई एकदम रडायला लागली आणि मग हसायला. बाबांनी फॉर्म टेबलावरून उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. तो अजून परत केलेला नाही, उद्या-परवा करणार आहेत. म्हणून मी घाईने लिहिते आहे.

मी तुला शोधलं नाही. ढबूने शोधलं. ज्या दिवशी शाई भरून झाली त्या दिवशी ती नकाशाकडे बघत बसली होती आणि म्हणाली की आजी तर तिकडून येणार, मग तिचे हात उलटे नाही का होणार. मला लगेच कळलं की ती बरोबर आहे. पण समास बदलायचा तर सगळा कागद पुन्हा करावा लागला असता. मला तो कागद फार आवडला होता. मी तिला म्हटलं की तू सात वर्षांची आहेस, नकाशातलं तुला काय कळतं, आणि आईला सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. मग ती जिन्यात जाऊन बसली. मला वाटलं तू मोठी आरेखक आहेस, तुला आपोआप समजेल.

तू आली नाहीस तेव्हा तू कुठे असशील ते मला आधीच माहीत होतं, कारण चूक मला आधीच माहीत होती. बोट चालवून दाखवलं ते नुसतं आईबाबांसाठी. ढबू बाजूला उभी होती आणि तिने काही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. बाबा मला शाबासकी देत होते तेव्हा ती टाळ्या वाजवत होती.

म्हणून ढबू पास आणि मी नापास. बाबांना खरं कळव. मला स्वतःला सांगता येत नाही, मी दोनदा प्रयत्न केला. बोर्डिंगात मी जाईन. ढबूला मात्र नंतरसुद्धा पाठवू नये असं बाबांना लिही, कारण तिने काही केलेलं नाही.

राग आला असेल तरी उत्तर पाठव.

तुझी,
मास्तरीण

•

ता. २० मार्च

चि. मास्तरिणीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. राग आला, पण तुझा नाही. एक गोष्ट सांगते, ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या आजोबांनाही नाही.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक नवी ट्रेसर आली. अंगाने किडकिडीत, बोलताना अडखळायची. मी एका मोठ्या नकाशाची शाई पुरी केली होती, आणि तिने एका नदीच्या वळणावर बोट ठेवून सांगितलं की ही टेकडीच्या पलीकडून जायला हवी, मोजणीच्या वहीत तसं आहे. ती बरोबर होती. ते मला तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं. पण शाई भरून झाली होती, आणि मलाही तो कागद फार आवडला होता. मी तिला विचारलं की तुझी नोकरी किती महिन्यांची झाली. ती परत जागेवर जाऊन बसली. तो नकाशा छापला गेला, त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या, आणि ती नदी कागदावर अजून टेकडीच्या अलीकडून वाहते. माझ्या निरोपाच्या सभेत साहेबांनी माझ्या अचूकपणाचं कौतुक केलं तेव्हा मी खाली बघत होते. लोकांना वाटलं मी संकोचले आहे. तुला खरं सांगायला सतरा दिवस लागले. मला बावीस वर्षं पुरली नव्हती.

आता निकाल ऐक. तू म्हणतेस ढबू पास आणि तू नापास. हे चूक आहे. ढबूला चूक दिसते, पण तिला सरळ रेघ मारता येत नाही आणि ती खिडकीत मांजरं काढते. तुला रेघ मारता येते, पण चूक दिसली की तू कागद वाचवतेस. बोर्डिंगात तुला आठ मैत्रिणी मिळतील. तुझ्यापेक्षा लहान असून तुझी चूक दाखवणारी, आणि तुझ्यासाठी गप्प राहून वर टाळ्या वाजवणारी, तिथे मिळणार नाही. तुला जे शिकायचं राहिलं आहे ते ह्याच घरात शिकायला मिळेल, आणि ते शिकवणारी सध्या पॅसिफिक महासागरावर बसलेली असते. म्हणून निकाल तोच ठेवते. आधी दिलेलं कारण मात्र चुकीचं होतं, ते खोडते.

तू मागितलंस ते मी केलं. तुझं पत्र जसंच्या तसं बाबांना पाठवलं आहे आणि खाली शेरा मारला आहे की निकाल कायम, आणि फॉर्म ही ड्रॉवरमध्ये ठेवायची वस्तू नव्हे. तुझे बाबा शब्दाला पक्के आहेत. ते पत्र वाचून ते तुला जवळ बोलावतील, तेव्हा पळून जाऊ नकोस.

नवा कागद घे आणि स्टेशनपासून काढ. आमच्याकडे प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात तीन नावं असायची, मोजणारा, काढणारा आणि तपासणारा. काढणारीच्या जागी तू तुझं नाव घाल. तपासणारीच्या जागी ढबूचं, आणि ते तिला स्वतःला लिहू दे, वाकडं आलं तरी. मोजणाऱ्याच्या जागी तुमच्या आईचं, तिने जन्मात पहिल्यांदा काहीतरी बरोबर मोजलं आहे.

आज सकाळी मी दोन पत्रं टाकली. एक तुझ्या बाबांना. दुसरं माझ्या जुन्या कचेरीला, नदीबद्दल. त्यात त्या ट्रेसरचं नाव लिहिलं आहे.

तुमच्या सगळ्यांच्या लोभात असलेली,
आत्याआजी